आजेसासूचा हिवाळा

होडी ऑक्टोबरात पाण्याबाहेर काढायची असते. आमच्या बेटावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. क्रेन येते, धक्क्यावर उभी राहते, सगळ्यांच्या होड्या उचलून देते आणि निघून जाते. ती आली तेव्हा मी तुर्कू शहरातल्या इस्पितळात माझ्या बायकोच्या, गुन्नेलच्या खाटेशेजारी बसलो होतो. मला वाटलं, तिचा भाऊ एलिस होडीचं बघेल. एलिसला वाटलं, मी कुणाला तरी सांगून गेलो असेन. दुकान चालवणाऱ्या राग्नाला वाटलं, आम्ही दोघांनी मिळून काहीतरी ठरवलं असेल. सगळ्यांना काही ना काही वाटलं आणि होडी पाण्यातच राहिली.

नोव्हेंबरात गुन्नेल गेली.

होडीचं नाव हुल्डा. माझ्या सासऱ्यांनी ती स्वतः बांधली आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं. म्हणजे नात्याने ती माझी आजेसासू. मी तिला तसंच म्हणायचो आणि गुन्नेल हसायची. खऱ्या हुल्डाबाईंना मी पाहिलं नाही. पण होडीचा स्वभाव त्यांच्यावर गेला असेल, तर आमची गाठ पडली नाही तेच बरं. दर उन्हाळ्यात तिला रंग हवा, डांबर हवं, नवी फळी हवी. एवढं करून ती माझ्या हाताखाली कधी सरळ चालली नाही. गुन्नेल सुकाणूवर बसली की गरीब गाय.

मी मूळचा आतल्या मुलखातला, शेतकऱ्याचा मुलगा. लग्न करून बेटावर आलो त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, तरी इथे मी अजून जावईच. दुकानात शिरलो की राग्ना म्हणते, "काय जावईबापू, आज काय देऊ?" माझं नाव कालेर्वो आहे हे तिच्या लक्षात तरी असेल की नाही, शंका आहे.

आता होडीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. विकून टाका, नाहीतर बुडू द्या. माझ्या मुलीला, दिसालाही तसंच वाटत होतं. पण गुन्नेलच्या घरच्यांची एक रीत आहे. आमच्या बेटावर दफनभूमी नाही. ती समोरच्या चर्चच्या बेटावर आहे. तिचे आजोबा, तिचे वडील, तिची आई, सगळे आपापल्या वेळी घरच्या होडीतून तिथे गेले. वडील आणि आई हुल्डामधून. गुन्नेलने शेवटच्या आठवड्यात मला एवढंच सांगितलं, "मला फेरीबोटीत घालू नकोस. हुल्डातून ने." मी हो म्हटलं. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

पाद्रीबाई म्हणाल्या की जमीन गोठली आहे, अस्थी मे महिन्यात पुरू, तोवर घरी ठेवा. म्हणून गुन्नेल स्वयंपाकघरात खिडकीशेजारच्या फळीवर आली. आणि माझ्यापुढे काम आलं ते असं : मे महिन्यापर्यंत हुल्डाला तरंगती ठेवायचं.

क्रेनवाल्याला फोन केला. तो थायलंडला. समुद्र गोठायला लागला की तो दरवर्षी तिकडे जातो. फोनमध्ये मागे कोंबडा आरवत होता.

"आता मार्चच्या आत काही नाही," तो म्हणाला. "एवढे दिवस काय करत होतात?"

मी फोन ठेवून दिला.

दिसा तुर्कूहून रोज फोन करायची. "बाबा, आई फेरीनेही जाऊ शकते. त्यात काय वाईट आहे?"

"तुझ्या आईने फेरीतल्या कॉफीला जन्मभर नावं ठेवली."

"तिला आता कॉफी प्यायची नाहीये, बाबा."

"मला प्यायची आहे ना."

"तुम्ही हट्टीपणा करताय."

"हट्टीपणा तुझ्या आईचा होता. मी नुसता निरोप्या आहे."

मग म्हणाली, "जेवलात का?" हे ती दरवेळी शेवटी विचारायची आणि मी दरवेळी हो म्हणायचो.

एलिस आमच्या खाडीच्या पलीकडे, समोरच्या छोट्या बेटावर एकटा राहतो. गुन्नेलहून मोठा, लग्न केलेलं नाही, ऐंशीला टेकलाय. उन्हाळ्यात वल्हवत येतो. हिवाळ्यात बर्फावरून ढकलगाडीवर येतो, एक पाय पट्टीवर, दुसऱ्याने रेटा. येतो तो माझ्या धक्क्याच्या बाजूला चढतो, माझ्या स्वयंपाकघरात बसतो, कॉफी पितो आणि नावं ठेवतो. गुन्नेल होती तेव्हा तिच्या हातचे वेलदोड्याचे पाव असायचे. आता मी दुकानातून बिस्किटं आणायचो.

"हे काय आहे?" त्याने पहिल्या दिवशी विचारलं.

"बिस्किट."

"वहाण खाल्ल्यासारखं लागतं."

"मग नको खाऊस."

खाल्लं मात्र त्याने. एक नाही, चार. मग खिडकीतून हुल्डाकडे बघत म्हणाला, "बर्फ धरेल तिला."

"धरू दे. धरला म्हणजे बुडणार तर नाही."

"तुझ्या गावाकडे बैल गोठ्यात बांधतात ना, तसं वाटलं का तुला?" तो म्हणाला. "जावईबापू, बर्फ फळ्यांना चिकटतो. खाली पाणी चढतं, उतरतं. वारा फिरला की चढतं, पुन्हा उतरतं. बर्फ वर-खाली होतो आणि सांध्यांत ठोकलेला कापूस ओढून बाहेर काढतो. वसंतात बर्फ जाईल, तेव्हा ती धक्क्याला बांधल्या जागी खाली जाईल. तुझ्या डोळ्यांदेखत. कॉफी पिता पिता बघशील."

"मग करायचं काय?"

"ती तुझी होडी आहे," एलिस म्हणाला आणि पाचवं बिस्किट घेतलं.

त्याच्या या बोलण्याने माझं डोकं असं फिरलं की दुसऱ्याच दिवशी फेरी धरून तुर्कूला गेलो आणि पंखा घेऊन आलो. म्हणजे तसा पंखा नव्हे. नळीत बसवलेली मोटर, तिला पातं, दोन दोर बांधून होडीच्या पोटाखाली सोडायची. खालचं पाणी वरच्यापेक्षा कमी गार असतं. पातं ते वर ढकलतं आणि होडीभोवती बर्फ धरत नाही. दुकानातल्या मुलीने मला हे दोनदा समजावलं. मी म्हटलं, बाई, मी मठ्ठ नाही, नुसता म्हातारा आहे.

घरापासून धक्क्यापर्यंत वायर ओढली, पंखा सोडला, सुरू केला. खालून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. जानेवारीत सगळी खाडी पांढरी झाली, पण हुल्डाभोवती काळं, हलतं पाणी राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा बेटावर मी काहीतरी बरोबर केलं होतं.

बेटावर हसू पसरलं. "जावईबापूंनी हिवाळ्यात पंखा लावलाय." राग्ना म्हणाली, "उन्हाळ्यात शेगडी लावणार का?" लोक मुद्दाम फिरत धक्क्यावर यायचे, काळ्या पाण्याकडे बघायचे, मान हलवायचे आणि जायचे. बरं आहे असं कुणी म्हणालं नाही. वाईट आहे असंही नाही. या लोकांच्या या सवयीने मला चाळीस वर्षं छळलंय.

मग वाटेचं निघालं.

खाडी चालण्याइतकी गोठली की बर्फावरून हिवाळी वाट पडते. एलिसच्या बेटावरून आमच्या बाजूला, दुकानाकडे. ती वाट कुठून जाणार हे एलिस ठरवतो. त्याआधी त्याचे वडील ठरवायचे. तो बर्फाला भोकं पाडून जाडी बघतो आणि थोड्या थोड्या अंतरावर जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या रोवतो. धुकं असो, हिमवादळ असो, फांदीवरून फांदीकडे गेलं की माणूस किनाऱ्याला लागतो. पोरं, म्हाताऱ्या, सगळे त्या फांद्यांच्या भरवशावर डोळे मिटून चालतात. एलिसच्या घराशिवाय दुसऱ्या कुणी फांदी रोवल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

आणि ती वाट माझ्या धक्क्याला लागून वर चढते. हुल्डाच्या शेपटीजवळून.

पंखा फक्त दिसतं तेवढंच पाणी मोकळं ठेवत नाही. पांढरा बर्फ दिसतो त्याच्याही खालून तो खात जातो. वरून पाहिलं तर काही कळत नाही. मी कुऱ्हाडीने ठोकून बघितलं, तर वाटेपासून जरा अंतरावर बर्फ हाताच्या पंज्याएवढाही जाड राहिला नव्हता. मी एलिसला सांगितलं.

"वाट बाजूने घे. पलीकडच्या खडकाकडून चढव."

"तिथे झरा आहे. बर्फ कधी नीट धरत नाही."

"मग शाळेच्या बाजूने."

"तिकडून दुकान लांब पडतं."

"चार पावलं लांब पडतं, एलिस!"

"वाट बापाने घातलीय," तो म्हणाला. "तू पंखा हलव."

"पंखा होडीखाली आहे. होडी धक्क्याला आहे. धक्का काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

त्याने कॉफीचा कप पालथा घातला आणि निघून गेला. ढकलगाडीवर चढून, बरोबर त्याच वाटेने.

तेव्हा मी जे केलं ते बेटावर कुणी केलं नसतं. मी फांद्या उपटल्या आणि शाळेच्या बाजूने रोवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत जुन्या जागी होत्या. मी पुन्हा हलवल्या. पुन्हा परत. आठवडाभर आम्ही दोन म्हातारे एकमेकांशी एक शब्द न बोलता जुनिपर इकडून तिकडे नेत होतो. राग्नाने दुकानात मला गाठलं.

"जावईबापू, लोक घाबरलेत. कालच्या फांद्या इथे, आजच्या तिथे. कुणाचं ऐकायचं?"

"माझं ऐका. तिकडे पाण्यात पडाल."

"एलिसचं ऐकायची सवय आहे."

"एलिसला सांग ना मग!"

"एलिसला कोण सांगणार?" ती म्हणाली आणि माझी बिस्किटं पिशवीत भरली. "आणि ही बिस्किटं घेऊ नका. त्याला आवडत नाहीत."

मी घरी आलो, बिस्किटं आपटली आणि खिडकीजवळच्या फळीकडे बघून म्हटलं, "हा तुझा भाऊ. ही तुझी होडी. हे तुझं बेट. माझं यात काय आहे ते सांग." उत्तर येणार नव्हतं. चाळीस वर्षं मी काही बोललो की तिचं उत्तर तयार असायचं. आता मी बोलायचो आणि पंख्याचा घुमणारा आवाज ऐकू यायचा.

फेब्रुवारीत एका दुपारी एलिस कॉफीला आला. वाद झाल्यापासून पहिल्यांदा. मी कप ठेवला. तो फळीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तिला इथे उकडत असेल. चुलीजवळ आहे."

"तू जागा सांग. तू वाटा ठरवतोस ना सगळ्यांच्या."

त्याने कप पुढे ओढला.

माझा तोल गेला. "ऐक एलिस. मला फार काही नकोय. मला तिला मे महिन्यात तिच्या आई-बापाशेजारी ठेवायचंय, हुल्डातून. मी तसं बोललोय तिला. आणि मला दुसऱ्या कुणाला पाण्यातून काढायचं नाहीये. तुझ्या बापाची वाट पाहिजे की तुझ्या बहिणीची होडी? एकदाचं काय ते सांग."

त्याने कॉफी संपवली. कप सरळ ठेवला. कानटोपी घातली आणि गेला.

संध्याकाळी अंधार पडायच्या आधी मी धक्क्यावर वायर तपासायला गेलो. एलिस खाडीवर होता. वाकून, एक एक फांदी काढत होता आणि शाळेच्या बाजूने रोवत होता. प्रत्येक ठिकाणी आधी भोक पाडून जाडी बघत होता. माझ्यासारखं डोळ्यांनी नाही. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर त्याने परत उपटल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी कॉफी ठेवली आणि खिडकीतून बघितलं. फांद्या शाळेच्या बाजूने गेल्या होत्या, ओळीत, नेटक्या. आणि हुल्डाच्या शेपटीमागे काळ्या पाण्यात एलिसचं डोकं होतं.

मी कसा धावलो ते आठवत नाही. पायात घरातले मोजे होते हे नंतर कळलं. त्याची ढकलगाडी बुडाली होती. तो बर्फाच्या काठाला हात टाकत होता आणि काठ तुटत होता. मी हुल्डावर चढलो, दोर फेकला.

"काखेतून घे! काखेतून!"

"माहीत आहे मला," तो म्हणाला. दात वाजत होते, तरी म्हणाला.

त्याने दोर काखेतून घेतला. मी धक्क्यावर उतरलो आणि मागे मागे चालत त्याला ओढत आणला. हुल्डाच्या बाजूचं पाणी पंख्याने मोकळं ठेवलेलं होतं, म्हणून तो सरळ किनाऱ्यापर्यंत आला. मध्ये बर्फ असता तर ओढता आला नसता. ज्या पंख्याने बुडवला त्यानेच काढायला वाट दिली. त्याचे आभार मानायचे की त्याला लाथ घालायची, ते मला अजून कळलेलं नाही.

उथळ पाण्यात तो गुडघ्यांवर उभा राहिला. मी त्याची कॉलर धरून वर खेचला.

"टोचे कुठेत तुझे?" मी ओरडलो. बर्फावर जाणारा प्रत्येक माणूस गळ्यात दोरीला दोन टोचे बांधतो, पडलाच तर बर्फात रोवून वर यायला.

"घरी. खिळ्याला."

"खिळ्याला! खिळा पडणार होता का पाण्यात?"

राग्ना आणि दोन शेजारी धावत आले. त्याला घरात आणून ओले कपडे काढले, घोंगड्यांत गुंडाळला, माझ्या पलंगावर टाकला. त्याला सौनाच्या वाफेत बसायचं होतं. राग्ना म्हणाली, एवढ्या गारठलेल्याला एकदम सौना देत नाहीत. तो म्हणाला, मग मरायला तरी गरम जागी ठेवा. फेरीने नर्स आली, तिने तपासलं आणि सांगितलं की काळजी नाही, पण दोन दिवस उठू देऊ नका.

सगळे गेल्यावर मी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसलो.

"फांद्या तूच हलवल्यास काल. मी पाहिलं."

"हं."

"मग या बाजूने कसा आलास?"

त्याने छताकडे बघितलं. "मी फांद्यांकडे बघत नाही," तो म्हणाला. "कधीच बघितलं नाही. फांद्या लोकांसाठी असतात. मी आपला जातो."

स्वतः रोवलेल्या फांद्या याने बघितल्या नाहीत. पाय जिकडे सवयीचे तिकडे गेले. मी हसलोही नाही आणि ओरडलोही नाही, एवढा वैतागलो होतो. उठलो, बाहेर गेलो आणि पंख्याची वायर भिंतीतून काढली.

आवाज थांबला. एवढ्या महिन्यांनी घर एकदम मुकं झालं. मला माहीत होतं, थंडी अशी आहे की सकाळपर्यंत बर्फ हुल्डाला धरेल. मी फळीकडे बघितलं नाही. एक माणूस फळीवर होता. दुसरा पलंगावर होता. तिसरा मला नको होता, मग आजेसासूचं काय व्हायचं ते होवो.

आतून एलिसने हाक मारली. "कालेर्वो."

त्याने मला नावाने हाक मारली म्हणजे काहीतरी बिघडलं असणार, म्हणून मी धावत गेलो.

"काय झालं?"

"आवाज का थांबला?"

"मी बंद केलं."

"चालू कर."

"नाही."

"मूर्खा, ती मे महिन्यात बुडेल."

"बुडू दे. गुन्नेल फेरीने जाईल. मी तिची माफी मागेन. तिने माफ नाही केलं तर नाही केलं."

तो उठून बसायला लागला. मी त्याला परत आडवा केला. दोनदा. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मग करवत काढ."

"कसली करवत?"

"नौकाघरात आढ्याला टांगलीय. लांब, मोठ्या दातांची. सकाळी होडीभोवती बर्फ कापायचा, हातभर रुंद. तुकडे ओढून काढायचे. वर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या, त्यावर भुसभुशीत बर्फ ओढायचा. म्हणजे रात्री जाड धरत नाही. सकाळी पुन्हा कापायचं. तेवढीच पट्टी उघडी राहते, बाजूचा बर्फ पक्का. लोक जातील."

मी खुर्चीत बसलो. "हे तुला आत्ता आठवलं?"

"नाही."

"मग नोव्हेंबरपासून काय करत होतास? बिस्किटं खात होतास?"

"तू विचारलंस का? तू तडक तुर्कूला गेलास आणि पंखा आणलास."

"मी विचारलं होतं! मी म्हटलं, करायचं काय. तू म्हणालास, तुझी होडी आहे!"

तो भिंतीकडे वळला. मला वाटलं झोपला. मग तो भिंतीकडे तोंड करूनच बोलला. "बाप एका हिवाळ्यात इस्पितळात होता. होडी पाण्यात राहिली होती, अशीच. मी आणि गुन्नेलने राखली. शाळेत जायच्या आधी. मी कापायचो, ती फळ्या आणि फांद्या टाकायची. बोटं गारठली की रडायची आणि रडत रडत टाकायची." वर म्हणाला, "त्या कामाला दोन माणसं लागतात."

"मग?"

"मग काय. दुसरं माणूस कुठे होतं?"

मी त्याच्यासमोर बसलो होतो. चांगला सहा फूट उंच. या घराण्यात चाळीस वर्षं राहूनही मी माणसांत मोजला जात नाही, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

"मी टाकेन फांद्या," मी म्हटलं.

"तुला जमणार नाही."

"रडणार तर नाही ना."

"ते बघू," एलिस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राग्नाचा नवरा आणि मी मिळून पहिली पट्टी कापली. नर्सने सांगितलेले दोन दिवस भरायच्या आधीच एलिस उठला आणि त्याने राग्नाच्या नवऱ्याच्या हातातून करवत घेतली. तिथून पुढे रोज सकाळी आम्ही दोघंच. तो कापायचा आणि मी तुकडे आकडीने ओढून काढायचो. तो म्हणायचा, तिरका ओढतोयस. मी म्हणायचो, तू तिरका कापलायस. मी फांदी टाकली की तो ती उचलून पुन्हा टाकायचा, इंचभर इकडे. गुन्नेल अशी टाकायची नाही. गुन्नेल देठ बाहेर ठेवायची. गुन्नेल कशी टाकायची हे रोज ऐकून मी एकदा आकडी बर्फात फेकली आणि म्हटलं, "गुन्नेल काय काय करायची ते मला ठाऊक आहे. मी तिच्याबरोबर जन्म काढलाय."

"मी तिच्याबरोबर आधीपासून होतो," तो म्हणाला.

मी आकडी उचलून आणली.

लोक शाळेच्या बाजूने जायला लागले. राग्नाने वेलदोड्याचे पाव पाठवले. दिसा एका रविवारी आली, मामाला करवत चालवताना आणि बापाला फांद्या टाकताना बघून धक्क्यावर उभी राहिली. "तुम्ही दोघं वेडे झालात," ती म्हणाली. मग हातमोजे काढून एलिसने दाखवलं तशी देठ बाहेर ठेवून फांदी टाकली. एलिसने ती फांदी पुन्हा उचलली नाही. माझी एवढ्या आठवड्यांत एकही फांदी त्याला पसंत पडली नव्हती.

मार्चच्या शेवटी वाऱ्याने पाणी चढवलं. सकाळी बघतो तर खाडीचा सगळा बर्फ वर आला होता, धक्क्याच्या खांबांभोवती फुटून उभा राहिला होता. हुल्डा मात्र तिच्या पट्टीत तरंगत वर आली होती. एकच जागा आम्हाला कापता आली नव्हती, धक्क्याकडच्या बाजूला, करवत जात नव्हती तिथे. तिथे बर्फाने फळी धरली होती. एलिसने वाकून बघितलं आणि म्हणाला, "तिथून येईल पाणी."

"फार?"

"उपसण्याइतकं."

मे महिन्यात बर्फ गेला आणि हुल्डाने धक्क्याकडच्या सांध्यातून पाणी घ्यायला सुरुवात केली. रोज दोन बादल्या, मग चार. त्यातच पाद्रीबाईंनी तारीख दिली. एलिसने कापूस ठोकला, मी डांबर लावलं, तरी ती थोडी गळत राहिली. आमच्या आजेसासूला पूर्ण खूश करणं कुणाला जमलेलं नाही.

त्या दिवशी वारा होता, पण फार नाही. दिसा पुढच्या बाकावर गुन्नेलला मांडीवर घेऊन बसली. गुन्नेलची बसायची जागा तीच होती, सुकाणू माझ्याकडे असलं की. असं फारच कमी वेळा व्हायचं. मी सुकाणूवर, एलिस मध्ये बादली घेऊन. एंजिन चालू होतं. खाडीतून बाहेर पडलो तेव्हा हुल्डा माझ्या हाताखाली सरळ चालली. मी एलिसकडे बघितलं. त्याने बघितलं नव्हतं, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं.

चर्चच्या बेटावर पाद्रीबाई धक्क्यावर उभ्या होत्या. जे करायचं ते केलं. गुन्नेल आता आई-वडिलांच्या मधोमध आहे, ऊन येतं तिथे. दिसा रडली. मी नंतर रडलो, होडीत, कुणी बघत नव्हतं तेव्हा. एलिस बघत होता, पण त्याने काही म्हटलं नाही. त्याच्याकडून तेवढं पुष्कळ आहे.

दिसा तिथून फेरीने तुर्कूला गेली. आम्ही दोघं हुल्डातून परत निघालो. पुढचा बाक रिकामा होता आणि होडीचं तोंड थोडं वर उठत होतं.

एलिस उपसत होता. मध्येच म्हणाला, "ऑक्टोबरात क्रेन येते."

"माहीत आहे."

"आधी फोन कर."

"करतो."

त्याने दोन बादल्या उपसल्या. "मी हिवाळ्यात मेलो तर?"

"तर मेपर्यंत थांबशील. सगळे थांबतात."

"हुल्डा पाण्यात ठेवावी लागेल."

"कशाला? क्रेनने काढलेली असेल, मे महिन्यात परत पाण्यात सोडू."

"बाहेर राहिली की सुकून फळ्या आखडतात. सोडल्यावर गळेल. कोण उपसणार? सुकाणू धरशील की उपसशील, एकटा?"

"एलिस," मी म्हटलं, "तू हिवाळ्यात मरायचं नाहीस. मी सांगून ठेवतोय. जुलैत मर, ऑगस्टात मर. हिवाळ्यात मेलास तर तुला फेरीत घालीन, बिस्किटांच्या खोक्यात."

तो हसला. नोव्हेंबरनंतर मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं. आणि हसता हसता त्याने भरलेली बादली वाऱ्यासमोरच रिकामी केली. सगळं पाणी माझ्या तोंडावर आलं. वाऱ्याकडे तोंड करून पाणी फेकायचं नाही, हे मला गुन्नेलने या होडीत पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिच्या भावाला कुणी शिकवलं नव्हतं.